हौस कोणाची, ओझं कोणाचं

मराठीत 'हौशी' हा शब्द फार प्रेमळ आहे. हौशी नाटकवाले, हौशी गायक, हौशी फोटोग्राफर. त्यात थोडं कौतुक, थोडी थट्टा आणि 'पोट भरण्यासाठी नाही हो, आवड म्हणून' अशी एक प्रांजळ कबुली असते. कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातसुद्धा हा शब्द आहे. राज्य नाट्य स्पर्धेत तर तो इतका मुरलेला की 'हौशी रंगभूमी' म्हटलं की तालमीला उशिरा येणारी पात्रं आणि उसनवारीचा पडदा डोळ्यांसमोर येतोच. नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन जो काहीतरी करतो तो हौशी, एवढी आपली सरळ व्याख्या.

मी हौशी गोल्फर आहे. वर्ध्यात हे वाक्य जरा जपूनच उच्चारावं लागतं. एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला पवनार, आणि मधे राहून हा माणूस म्हणतो मी गोल्फ खेळतो! मित्र म्हणतात, 'बापूंच्या गावात राहून साहेबांचा खेळ?' मी हसून सोडून देतो. पण प्रश्न काही सुटत नाही. म्हणून गेली काही वर्षं जमेल तसं या खेळाच्या इतिहासाचं वाचत गेलो, आणि वाचता वाचता लक्षात आलं की मित्रांचा प्रश्न थोडा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. खेळ साहेबाचा की आपला हा वाद फार पुढे जात नाही. खरी गोम 'हौशी' या शब्दातच आहे. निदान या खेळात तरी तो शब्द आपल्याइतका प्रेमळ नव्हता.

पण आधी खेळाविषयी थोडं, कारण वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो टीव्हीवर चॅनेल बदलताना पाहिला असेल, तेवढाच. विटीदांडू खेळलेल्या माणसाला गोल्फ समजायला पाच मिनिटं लागतात. आपल्या विटीदांडूत डाव खळग्यातून सुरू होतो आणि विटी जितकी लांब जाईल तितकं बरं. गोल्फमध्ये उलटं. सुरुवात लांबून करायची आणि कमीत कमी टोल्यांत चेंडू खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. आपण वकट, लेंड, मूंड असं मोजत जायचो ते जास्त व्हावं म्हणून, इथे मोजायचं ते कमी व्हावं म्हणून. ज्या काठीने मारायचं तिला 'क्लब' म्हणतात आणि ज्या संस्थेत जाऊन मारायचं तिलाही 'क्लब'च म्हणतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ. पुढची सगळी भानगड या दोन अर्थांच्या मधे आहे.

मी हा खेळ नोकरीच्या निमित्ताने पुण्यात शिकलो, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, म्हणजे शरीराने नवीन काही शिकायला नकार देण्याच्या वयात. निवृत्त होऊन वर्ध्याला परत आलो तरी सुटला नाही. पंधरवड्यातून एकदा आम्ही चौघे पहाटे निघतो, नागपूरच्या बाजूला एका मैदानावर खेळतो आणि दुपारचं ऊन तापायच्या आत परततो. मे महिन्यात विदर्भात सकाळी नऊ वाजता उन्हात काठी फिरवणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

या खेळाचं मला इतकं काय आवडतं? तीन गोष्टी. पहिली, चालणं. अठरा खळगे म्हणजे गवतातून सहज आठेक किलोमीटरची पायपीट. दुसरी, इथे बहुतेक वेळा पंच नसतो. आपली चूक आपण मोजायची. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स या खेळाडूने आपला चेंडू किंचित हलला असं स्वतःहून सांगितलं. दुसऱ्या कोणी ते पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक टोला दंड लावून घेतला आणि शेवटी प्लेऑफमध्ये विली मॅकफार्लेनकडून स्पर्धा हरला. तो एक टोला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. हा जोन्स ऐन भरात असताना हौशीच राहिला, वकिली करायचा, आणि १९३० मध्ये एकाच वर्षात ब्रिटन-अमेरिकेच्या खुल्या आणि हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे हँडिकॅप. ही मला मानवी बुद्धीच्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. तुमच्या आधीच्या खेळांवरून एक आकडा काढतात. माझा बावीस आहे आणि तुमचा चार असेल, तर ढोबळ मानाने मला अठरा टोल्यांची सूट मिळते. म्हणजे एखादा कच्चा खेळाडू आणि एखादा पक्का खेळाडू एकाच मैदानावर, एकाच दिवशी, खऱ्या चुरशीने खेळू शकतात. बुद्धिबळात मी आनंदशी खेळलो तर तो खेळ नसेल, शिक्षा असेल. गोल्फमध्ये बाप आणि मुलगी, साठीचा आणि विशीचा, डॉक्टर आणि त्याचा रोगी, सगळे एका पातळीवर. बरोबरीचं नसलेल्यांना बरोबरीने खेळवणारा खेळ! या एका कल्पनेवर आमच्यासारख्या हजारो हौशी लोकांचं गणगोत उभं आहे. अनोळखी गावात गेलो तरी 'हँडिकॅप किती?' एवढ्या प्रश्नावर ओळख होते.

आता इतिहास. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून याच्या नादी लागले होते. १७४४ मध्ये लीथच्या खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले, ते आज माहीत असलेले सगळ्यात जुने लेखी नियम. तिथून हा खेळ साम्राज्याच्या सामानसुमानाबरोबर निघाला आणि ब्रिटनबाहेर फार लवकर पोचला तो आपल्याकडे. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. म्हणजे मुंबईत रेल्वे धावायच्या अकरा वर्षं आधी तिथे गोल्फ क्लब होता.

भारताचा या खेळाशी आणखी एक संबंध सांगतात, तो फार मजेदार आहे. पूर्वी चेंडू चामड्याचा असे आणि त्यात टोपीभर पिसं उकडून कोंबलेली असत. कारागिराला दिवसभरात जेमतेम तीन-चार करता येत, त्यामुळे महाग. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून स्वस्त चेंडू होऊ लागले आणि खेळ सामान्य लोकांच्या आवाक्यात आला. आख्यायिका अशी की सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन नावाच्या घरी पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली, ती खोक्यात हलू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्यातून घरच्या मुलाने पहिला चेंडू वळला. खरं-खोटं विष्णूच जाणे. पण गोल्फ स्वस्त करायला आपला देव कारणी लागला हे मला फार आवडतं.

आमच्या भागाचं म्हणाल तर वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला जायचं. साहेब तिथेच गोल्फ खेळायचे. गवत जगवायला पाणी नसेल अशा गावी खळग्याभोवती हिरवळीऐवजी तेल घालून चोपलेल्या वाळूचा गोल असे. त्याला 'ग्रीन'ऐवजी 'ब्राउन' म्हणत. विदर्भाच्या मातीत वाढलेल्या माणसाला हा शब्द लगेच पटतो.

तिकडे नाशिकला तर शहराच्या मधोमध गोल्फ क्लब मैदान. तिथे आता गोल्फ नाही. क्रिकेट होतं, रणजीचे सामने होतात, सकाळी लोक चालायला येतात. मैदानाला नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला ज्यांनी गोळी घातली आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला जे फासावर गेले, ते हे कान्हेरे. साहेबाच्या खेळाचं मैदान, साहेबाला मारणाऱ्याचं नाव, आणि तरीही कित्येक नाशिककरांच्या तोंडी 'गोल्फ क्लब'. जागा कशी आपलीशी होते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून म्हणतो, खेळ साहेबाचा हे मला फारसं टोचत नाही. क्रिकेटही साहेबाचंच होतं. मैदानं हस्तांतरित होतात. अडचण वेगळीच आहे.

ती अशी. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये होयलेकला पहिली मोठी हौशी स्पर्धा ठरली. डग्लस रोलंड नावाच्या गवंड्याने नाव दिलं. आदल्या वर्षी खुल्या स्पर्धेत तो दुसरा आला होता आणि बक्षिसाचे पैसे त्याने घेतले होते. समितीने त्याचा अर्ज नाकारला: पैसे घेतले, म्हणजे हौशी नाही. ठीक आहे. पण मग कोणाच्या तरी लक्षात आलं की होयलेकचाच लाडका खेळाडू जॉन बॉल यानेही १८७८ मध्ये, पोरवयात, असेच थोडे पैसे घेतले होते. तो हॉटेलमालकाचा मुलगा. त्याला बसवणारी वाट समितीने शोधून काढली: फार जुनी गोष्ट मोजायची नाही. बॉल खेळला, गवंडी घरी राहिला.

पुढच्या वर्षी 'हौशी'ची रीतसर व्याख्या झाली, त्यातलं एक कलम वाचून मी पुस्तक मिटून बसलो. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर ज्याने मजुरी घेऊन दुसऱ्याच्या काठ्या वाहिल्या असतील, त्याच्या हौशीपणावर गदा. काठ्या वाहणारा म्हणजे कॅडी. पिशवी उचलायची, चेंडू शोधायचा, वारा सांगायचा. नियमाचा अर्थ एवढाच की पोटासाठी ज्याने या मैदानावर ओझं उचललं, त्याला या खेळाची आवड असू शकते हे मान्य नाही. हौस ही ज्याचं पोट आधीच भरलेलं आहे त्याची मालमत्ता.

अमेरिकेतही हेच. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये मैदानासमोर राहणारा, लहानपणी कॅडीचं काम केलेला फ्रान्सिस विमेट १९१३ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकला. हॅरी व्हार्डन आणि टेड रे या दोन इंग्रज दिग्गजांना त्याने हरवलं आणि त्याची पिशवी वाहत होता दहा वर्षांचा एडी लोअरी. सगळा देश या पोरांच्या प्रेमात पडला. पण १९१६ मध्ये त्याच विमेटचा हौशी दर्जा काढून घेतला. गुन्हा काय? खेळाच्या सामानाचं दुकान काढलं. १९१८ मध्ये दर्जा परत दिला, पण तोवर सगळ्यांना कळायचं ते कळलं होतं. व्यावसायिक खेळाडूंना तर क्लबच्या इमारतीत कपडे बदलायचीसुद्धा मुभा नसे. १९२० मध्ये इंग्लंडमधल्या डील इथे वॉल्टर हेगनने भाड्याची आलिशान मोटार क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले. त्याच वर्षी टोलेडोच्या इनव्हर्नेस क्लबने व्यावसायिकांना दार उघडलं, आणि पुढे त्या खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं. आत येऊ दिलं म्हणून घड्याळ! हे वाचून आनंद व्हावा की वाईट वाटावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे वर्गाच्या जोडीला जात होती, त्यामुळे गोष्ट आणखी कडवट आहे. गोल्फमधलं नाव नाही पण क्रिकेटमधलं आहे, आणि ते पुण्याचंच आहे: पाळवणकर बाळू. १८९० च्या दशकात पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर हा दलित तरुण खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचा आणि साहेबांना फलंदाजीचा सराव मिळावा म्हणून तासन्‌तास गोलंदाजी करायचा. हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. ते साहेबांचं काम. पुढे हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवायचं होतं म्हणून बाळूला घेतलं, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसाने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कप्तानपद बाळूला कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. चेंडू टाकणं ही चाकरी, बॅट धरणं ही हौस. खेळ तोच, मैदान तेच, मधे एक रेघ.

गोल्फमध्ये ती रेघ आपल्याकडे फार काळ टिकली, आणि ती ओलांडलीही ओझं वाहणाऱ्यांनीच. इंडियन ओपन सुरू झाली १९६४ मध्ये. दुसऱ्याच वर्षी पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकून ती जिंकली. आम्हा हौशी लोकांचं हे देवघरातलं नाव. त्यानंतर भारतीय विजेता मिळायला सव्वीस वर्षं लागली. १९९१ मध्ये जिंकला तो अली शेर, दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी, आणि १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरासिया याचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखायचे. मुलगा तिथेच बघून बघून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्याच्या नावावर आहे.

मुंबईत चेंबूरला गोल्फ क्लब आहे १९२७ पासून. त्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांतली पोरं तिथे कॅडीचं काम करत आली. मैदानावर खेळायची परवानगी नाही, मग त्यांनी काय केलं? बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि वस्तीच्या गल्ल्यांत खेळ मांडला. नळाची मोरी, पायऱ्या, पत्र्याची छपरं, वाळत घातलेली धुणी, हे सगळं चुकवत चेंडू खळग्यात. या गल्लीतल्या गोल्फवर वर्तमानपत्रांत लिहून आलं, २०२३ मध्ये एक मालिकाही आली. मला ते चित्र पाहिलं की विटीदांडूच आठवतो. ज्याला क्लबात घेत नाहीत, त्याने स्वतःचा क्लब वाकवून घेतला. काठी या अर्थाने, आणि संस्था या अर्थानेही.

आता सांगा, या पोरांपेक्षा जास्त हौशी कोण? पण जुन्या व्याख्येने ते हौशी नव्हेत, आणि बक्षिसाची कमाई नाही म्हणून व्यावसायिकही नव्हेत. ते फक्त 'कॅडी'.

इथे मला माझं गाव आडवं येतं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावला राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झालं. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत आहे. आपलं ओझं आपण उचलायचं, आपली घाण आपण काढायची. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली, तिचा गाभाही हाच होता: हाताने काम करणारा आणि डोक्याने शिकणारा ही दोन माणसं नसावीत. विनोबांनी तर १९४६ पासून कितीतरी महिने खांद्यावर फावडं टाकून पवनारहून सुरगावला रोज पायी जाऊन भंगीकाम केलं. या मातीत वाढलेल्या माणसाने मागे एक माणूस पिशवी घेऊन चालतोय आणि आपण हात हलवत पुढे चालतोय, हे कसं चालवून घ्यावं? बरं, पिशवी तरी किती जड? दहाएक किलो. धान्याची याहून जड पिशवी मी अजून घरी उचलून आणतो.

म्हणून एके दिवशी मी ठरवलं की आपली पिशवी आपण उचलायची. सेवाग्रामला शोभेल असं. मैदानावर माझ्याबरोबर नेहमी जो कॅडी असतो, चाळिशीचा, मितभाषी, त्याला हे सांगितलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, 'साहेब, तुमी बॅग उचलली तर मी काय उचलू मंग?'

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याची त्या दिवसाची मजुरी माझ्या व्रतावर अवलंबून होती. ओझं उचलू दिलं तर मी साहेब, उचलू नाही दिलं तर त्याच्या घरची चूल मंद. शरीरश्रमाचं व्रत घेताना आश्रमवासीयांनी समोरच्याची रोजी काढून घेतली नव्हती. त्यांनी त्याला चरखा, चर्मालय, घाणी असं दुसरं काम देण्याचीही खटपट केली होती. व्रत एकट्याने घ्यायचं नसतं, त्यासोबत व्यवस्था उभी करावी लागते, हे मला त्या एका वाक्याने कळलं. मी काही व्यवस्था उभी करू शकणारा माणूस नाही. पिशवी त्याच्याच खांद्यावर राहिली. फक्त चढ आला की ती माझ्याकडे येते आणि त्यावर आमच्यात रोज वाद होतो.

बऱ्याच मैदानांवर आठवड्यातला एक दिवस सदस्यांसाठी बंद ठेवतात आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. आमच्या मैदानावरही तशी चाल आहे. परवानगी काढून एका अशा दिवशी आम्ही चौघे नुसते बघायला गेलो. अहो, काय खेळतो हा माणूस! कोणाच्या तरी टाकून दिलेल्या काठ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एकीची मूठ सुताने गुंडाळलेली. पण फटका बसला की चेंडू शिळेवर रेघ ओढावी तसा सरळ. खळग्याच्या आसपास तर हाताला डोळे असल्यासारखा. मी बावीस वर्षांत जे शिकलो नाही ते तो माझ्या मागे चालता चालता, माझ्या चुका पाहून शिकला होता. गुरुदक्षिणा मी त्याला द्यायला हवी, की त्याने मला, हा प्रश्न आमच्यातल्या एका मास्तरांनी काढला. त्यावर परतीच्या वाटेवर बुटीबोरीपर्यंत चर्चा चालली.

खेळ संपल्यावर मी आमच्या बिरादरीचा नेहमीचा प्रश्न विचारला: 'हँडिकॅप किती तुझा?' तो हसला. त्याला हँडिकॅप नाही. हँडिकॅपचा अधिकृत आकडा मिळायला संघटनेशी जोडलेल्या क्लबचं सदस्य असावं लागतं. आणि सदस्यत्वाची फी म्हणजे त्याच्या कित्येक वर्षांची कमाई. मला या खेळातली सगळ्यात सुंदर वाटणारी कल्पना, बरोबरीचं नसलेल्यांना बरोबरीने खेळवणारी, ती दारातच थांबली होती. आत असलेल्यांमध्ये ती समता आणते. आत कोणी यायचं, ते ती ठरवत नाही.

जग अगदीच थांबलेलं नाही. कॅडीचं काम केल्याने हौशीपण जातं हा नियम अमेरिकेतही केव्हाच गेला. १ जानेवारी २०२२ पासून हौशीपणाचे नियम इतके सैल झाले की हौशी खेळाडू जाहिरातीतूनही पैसे घेऊ शकतो. १८८५ मधला तो गवंडी आज असता तर बहुधा खेळला असता. २०२१ मध्ये टोकियोला अदिती अशोक चौथी आली, त्या पहाटे आपल्याकडे कित्येक घरांत लोक आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ बघत बसले होते, वर्ध्यातसुद्धा. दुसऱ्या दिवशी आमच्या चहाच्या टपरीवर 'बर्डी म्हणजे काय हो?' अशी चौकशी झाली, तेव्हा माझी छाती किती फुगली म्हणून सांगू! तोच माणूस पुढे म्हणाला, 'पण हे खेळायचं कुठे?' छाती पुन्हा होती तेवढी झाली.

आमच्या हातात जे होतं ते आम्ही केलं. हँडिकॅपचं गणित आता सगळ्या जगात एकच आहे, २०२० पासून. शेवटच्या वीस खेळांतले सगळ्यात चांगले आठ घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. मैदान किती अवघड त्याचा हिशेब वेगळा. आमच्यातले मास्तर गणिताचे. त्यांनी शंभर पानी वही घातली. कॅडींच्या दिवशी तो खेळला की आकडे फोनवर सांगतो, मास्तर वहीत उतरवतात. वीस खेळ व्हायला सात महिने लागले. मास्तरांनी तीनदा ताळा करून आकडा काढला: तीन. अधिकृत नाही, शिक्का नाही, कुठल्याही क्लबात चालणार नाही. पण आता त्याच्या दिवशी आम्ही परवानगी काढून त्याच्याबरोबर खेळतो तेव्हा तो मला एकोणीस टोल्यांची सूट देतो, पिशव्या ज्याच्या त्याच्या खांद्यावर असतात, आणि त्याच्या बुडालेल्या मजुरीचा प्रश्न नसतो, कारण त्या दिवशी मजुरी नसतेच.

एकोणीस टोल्यांची सूट घेऊनही गेल्या पाचांपैकी चार वेळा मी हरलोय. मास्तर म्हणतात आकडा चुकला असणार, दोन करायला हवा. वही पुन्हा तपासायला घेतली आहे.